तन्वीला आग्रह करू नये

तन्वी हा छपाईचा टाइप सोमवारी दुपारच्या एसटीनं जयसिंगपूरला उतरला, आणि तो येणार म्हणून आमच्या सासूबाईंनी सकाळीच हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली होती.

साधे टाइप कॉम्प्युटरमधून येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलावलं की हजर, काम झालं की गडप, ना चहा विचारायचा ना पाणी. वरच्या दर्जाच्या टाइपांचं तसं नसतं. ज्यांच्या जाड रेघा देवळाच्या खांबासारख्या आणि बारीक रेघा केसाहून बारीक, ज्यांच्या पायाशी नाजूक आडवी टाच असते, आणि जे फक्त मुखपृष्ठावर नाहीतर मोठ्या मथळ्यात उभे राहतात, त्यांना रीतसर निमंत्रण धाडावं लागतं. मग ते स्वतः येतात, सोबत एक जबाबदार माणूस आणतात आणि काम संपेपर्यंत यजमानांच्या घरी उतरतात.

निमंत्रण मी धाडलं होतं, कारण आमच्या दिवाळी अंकाचं यंदा पन्नासावं वर्ष होतं. अंकाचं नाव ‘उटणं’. सासऱ्यांनी ठेवलेलं. वाचून माणसाचा मळ निघाला पाहिजे, असं ते म्हणायचे, आणि इतकी वर्षं आमचा टाइपही टाच घासायच्या वजरीसारखाच होता. ठेंगणा, गुबगुबीत, सगळीकडून सारखाच जाड. मला त्याचा मनापासून वीट आला होता. चौकाचौकात वाढदिवसांचे फलक लागतात, त्यांवरची लठ्ठ अक्षरं बघून आधीच माझं डोकं उठतं. घरच्या अंकातही तेच बघायचं म्हणजे शिक्षाच. सासरे गेल्यावर संपादक म्हणून त्रिशला चौगुले हे माझं नाव लागलं, आणि पन्नासाव्या वर्षी काहीतरी देखणं करायचंच असं मी मनाशी पक्कं केलं. हौसेला मोल नसतं.

स्टँडवर मी आणि माझे यजमान भरत न्यायला गेलो. छापखाना ते बघतात, मी अंक बघते. अक्षरं गुडघ्याएवढी होती. कंडक्टरनं त्यांना अर्धं तिकीट लावलं होतं. काने, मात्रा, वेलांट्या मांडीवर बसून आल्या म्हणून त्यांचं काही घेतलं नव्हतं. अनुस्वार खिशातून आला होता. सगळ्यांच्या शेवटी जबाबदार गृहस्थ उतरले. श्री. त्रिविक्रम हळबे, राहणार पुणे. इतके सडसडीत, की बाजूनं पाहिल्यावर आधी चष्माच दिसला.

“मोजून घ्या,” ते म्हणाले. “‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना एकेकच धरा. प्रवासात लोक हटकून दोन-दोन धरतात आणि मग आमच्याशी वाद घालतात.”

अक्षरं शिरोरेघेला शिरोरेघ लावून सातव्या गल्लीतल्या आमच्या घरापर्यंत चालत आली. काय ती चाल! जाड रेघ दिमाखात पाऊल टाकायची आणि बारीक रेघ तिच्यामागून नुसती झुळकायची. मी रस्त्यातून जवळजवळ उड्या मारत चालले होते. वाटेत रसवंतीवाला हातातला ऊस तसाच धरून बघत राहिला आणि म्हणाला, “वहिनी, निम्मी निम्मीच आणलीसा व्हय?” मी चाल वाढवली. गाढवाला गुळाची चव काय!

आमच्या दारात आल्यावर ‘न’, ‘म’, ‘स्का’ आणि ‘र’ पुढं आले, शेजारी शेजारी उभे राहिले आणि नमस्कार म्हणाले. एकट्या अक्षराला फक्त स्वतःचं नाव घेता येतं. काही बोलायचं झालं तर त्यांना असं ओळीनं जमावं लागतं.

बाहेरच्या सोप्यात सतरंजीवर अक्षरं बसली. हळबे खुर्चीवर टेकले आणि त्यांनी करार तोंडपाठ म्हणून दाखवला.

“तन्वीला वाऱ्यात उभं करायचं नाही. बारीक रेघा हलतात.”

भरतनी मान डोलावली.

“फोटो दिवसाउजेडी, गच्चीवर. अक्षर कॅमेऱ्यापासून लांब गेलं की लहान होतं, आणि लहान झालं की त्याची बारीक रेघ तुटते. तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेलच. तिच्या अलीकडे उभं करायचं.”

“मान्य,” मी म्हणाले. अशा टाइपाची छपाई फोटो काढूनच करतात, त्यात नवीन काही नव्हतं.

“आहार. सकाळी चमचाभर पाणी. जाड रेघांना वाटल्यास दोन. आणि शेवटची अट, तन्वीला आग्रह करू नये.”

आतापर्यंत दाराशी उभ्या राहून ऐकत असलेल्या आमच्या सासूबाई पुढं आल्या. पद्मावती नाव, पण अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणते.

“कसला आग्रह?”

“कसलाही. विशेषतः जेवणाचा.”

“पाव्हण्याला जेवायचा आग्रह करायचा न्हाई?”

“करारात तसं आहे.”

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. घरात कुणी गेल्याची बातमी सुनेनं लपवून ठेवली असती, तरी त्यांनी इतकं वाईट पाहिलं नसतं. आमच्या भागात जेवणारा ‘पुरे’ म्हणाला की एक पोळी वाढतात, त्यानं हात आडवा धरला की दुसरी, आणि तो ताटावर ओणवा झाला की वरून तूप सोडतात. त्याशिवाय माणूस जेवला असं कुणी धरत नाही.

“ह्यो करार केला कुणी?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

“तरीच,” आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखपृष्ठाचा फोटो झाला. ‘उ’, ‘ट’ आणि ‘णं’ टाकीच्या अलीकडे उभे राहिले. ‘ट’नं मान अशी काही वळवली की भरत कॅमेऱ्यामागून “वा” म्हणाले, आणि ते लग्नात माझ्याकडं बघूनही म्हणाले नव्हते. छापील नमुना हातात आला तेव्हा मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. काळ्याभोर खांबांच्या मधून त्या केसासारख्या रेघा निघालेल्या, वर शिरोरेघ असून नसल्यासारखी. इतकं देखणं ‘उटणं’ कधी झालंच नव्हतं.

तन्वीला आणखी एक काम होतं, आणि खरं तर तेच मोठं होतं. अंकाचं पहिलं पान. त्या पानावर आक्कांची कविता जाणार होती.

आक्का शाळेत गेलेल्या नाहीत. चाळिशी उलटल्यावर त्या दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकल्या. त्याआधी घरात कुठलाही कागद आला की कुणीतरी वाचून दाखवायचं आणि त्यांनी मान हलवायची. यंदा, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपल्या तानी नावाच्या म्हशीवर चार ओळी लिहिल्या. म्हैस जाऊन फार वर्षं झालीत, पण तिचा विषय निघाला की अजून आक्कांचा आवाज बदलतो. मी त्या ओळी पहिल्या पानावर घेते म्हटल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, “छापलेलं माझं मला वाचता आलं पायजे. दुसऱ्यानं वाचून दावलेलं नको. ते जन्मभर ऐकलं.” त्यांच्या एका डोळ्यात काचबिंदू आहे आणि दुसरा थकलाय. डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर अजून किती दिवस टिकेल सांगता येत नाही. त्यामुळं पुढच्या अंकात बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

म्हणूनच मी त्यांच्या कवितेला घरातली सगळ्यात उंची वस्तू द्यायची ठरवली होती. तन्वी.

मुखपृष्ठापाठोपाठ कवितेचेही फोटो झाले, आणि त्या पानाचा नमुना मी आक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगणात उन्हात नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, तिरका करून बघितला.

“काय गं हे? नुसतं खांबच दिसत्यात. छप्पर कुठाय?”

“छप्पर आहे, आक्का. बारीक आहे.”

“आसंल. मला न्हाई दिसत.”

मी सरळ हळब्यांकडं गेले. ते सोप्यात बसून ‘र’ला चमच्यानं पाणी पाजत होते.

“बारीक रेघा थोड्या जाड होतील का?”

“श्रीमती चौगुले, बारीक रेघ जाड झाली तर तिला जाड म्हणतात.”

“सासूबाईंना वाचता येत नाही.”

“वाचणं हा वाचकाचा प्रांत झाला,” हळबे म्हणाले. “आमची जबाबदारी दिसण्यापुरती.”

“पण त्यांना दिसतच नाहीये!”

हळब्यांनी चमचा पुसून खिशात ठेवला. “त्याबाबत करारात तरतूद नाही,” ते म्हणाले, आणि मला त्या माणसाचा असा राग आला की मी त्यांना संध्याकाळचा चहा सांगायला विसरले. मुद्दामच विसरले.

एक उपाय होता. कविता जुन्या, गुबगुबीत टाइपात लावायची. माझ्या जिवावर आलं होतं, तरी मी आक्कांना तसं सुचवलं. त्यांनी कानाला हात लावला.

“पुण्यास्नं एवढी लांब आलेली माणसं, त्यास्नी सोप्यात बसवून त्यांच्या म्होरं दुसऱ्याला बोलवायचं? कुठली रीत गं ही? ऱ्हाऊ दे. तू वाच, मी ऐकीन. सवय हाय मला.”

‘सवय हाय मला’ हे त्या अगदी सहज बोलल्या. नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि तो मोती मीच आणला होता.

बुधवारी सकाळी हळबे नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले. जयसिंगपूरपर्यंत येऊन वाडीला न जाणारा पुण्याचा माणूस अजून जन्माला यायचाय. जाताना त्यांनी मला चमचा दिला. “पाणी पाजल्यावर बारीक रेघा पुसून घ्या,” असं बजावलं, आणि संध्याकाळच्या आत येतो म्हणाले.

ते गल्लीच्या वळणाआड गेले असतील नसतील, तोवर आतून पुरणाचा वास आला.

मी स्वयंपाकघरात गेले. पुरण वाटून तयार होतं, कटाची आमटी उकळत होती, परातीत कणीक झाकून ठेवलेली. आक्का पोळ्या लाटत होत्या.

“आक्का, कुणाचं आहे हे?”

“पाव्हण्यांचं.”

“करारात काय ठरलंय...”

“करार पानावर बसायच्या आधी असतोय. पानावर बसल्याला करार नसतोय.” त्यांनी पोळी तव्यावर टाकली. “तू बघितलंस का त्यास्नी? निम्मं अंग झडलंय पोरांचं. मला तर नुसती हाडं दिसत्यात. चमच्यानं पाणी म्हणं! आजाऱ्याला तरी पेज देत्यात.”

त्यांच्या नजरेला बारीक रेघा दिसतच नव्हत्या, त्यामुळं त्यांच्या दृष्टीनं ती अक्षरं खरोखरच अर्धी उपाशी होती.

पंगत सोप्यात बसली. आक्कांनी अक्षरांना आपण शिकलो त्या क्रमानं बसवलं. पहिल्या ओळीत ‘क’ ते ‘ङ’, दुसऱ्या ओळीत ‘च’ ते ‘ञ’, आणि असंच शेवटपर्यंत. काने, मात्रा, वेलांट्या पाटावर वेगळ्या बसवल्या. अनुस्वाराला वाटी दिली. एका ओळीत बसल्याबरोबर अक्षरांच्या शिरोरेघा नेहमीप्रमाणं जुळल्या, आणि मग ओळीतलं शेवटचं अक्षर उठेपर्यंत कुणालाच उठता येईना. पंगतीचा नियमही तोच आहे, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पहिली पोळी अक्षरांनी मुकाट्यानं खाल्ली. दुसरी वाढली तेव्हा चुळबुळ झाली. तिसरीला माझ्या लक्षात आलं की त्यांना ‘पुरे’ म्हणायचंय. पण ‘प’ बसला होता ‘फ’च्या शेजारी, ‘र’ त्याच्या पुढच्या ओळीत ‘य’ आणि ‘ल’च्या मधे, आणि उकार, मात्रा पाटावर. ते एकमेकांशेजारी येणार कसे? ‘प’नं तोंड उघडलं आणि त्याच्या ओळीतून “पफबभम” एवढंच बाहेर पडलं.

“बघ, मागून घेत्यात,” आक्का म्हणाल्या आणि त्या ओळीला तूप सोडलं.

“आक्का, आता बास करा! त्यांना नको आहे.”

“नको म्हणाली का?”

“म्हणता येत नाहीये त्यांना!”

“न बोलणाऱ्याला दोन वाढायच्या. लाजतंय ते लेकरू.”

पहिल्या ओळीच्या टोकाला ‘ङ’ बसला होता. एखाद्या ‘वाङ्मया’पुरतं सोडलं, तर मराठीत त्याला कुणी कामाला बोलावत नाही. पुण्याहून तो प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर येतो, कोपऱ्यात बसतो आणि बहुतेकदा फोटो न काढता परत जातो. आक्का त्याच्यापुढं बसल्याच.

“तुला काय काम लावलं न्हाई व्हय रं? आसू दे. जेवायला काम लागत न्हाई.”

‘ङ’ सावकाश जेवत होता आणि त्याचं काही केल्या संपत नव्हतं. त्याचं होईपर्यंत ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ अडकून पडले होते, आणि समोर अडकलेला माणूस दिसला की आक्कांचा हात थांबत नाही.

मी मधे पडणार होते. खरंच पडणार होते. तेवढ्यात आक्का वाढता वाढता थांबल्या, डोळे बारीक केले आणि ‘घ’च्या डोक्यावरून अलगद बोट फिरवलं.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “ह्याला छप्पर हाय की!”

जेवण सगळं बारीक रेघांच्या अंगी लागलं होतं. जाड रेघा मुळात धष्टपुष्ट, त्यांना काय फरक पडणार? पण इतकी वर्षं चमचाभर पाण्यावर काढलेल्या त्या केसासारख्या रेघा आता सुतळीएवढ्या झाल्या होत्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी भरत होत्या. माझी तन्वी, माझी सडपातळ, राजस तन्वी माझ्यासमोर गुबगुबीत होत चालली होती. आणि आक्का एकेका डोक्यावरून बोट फिरवत, “ही वेलांटी, हे गाठोडं ‘ग’चं, ही आली शेपटी” असं म्हणत ओळीतून पुढं सरकत होत्या.

मी आत गेले आणि तुपाची दुसरी बरणी घेऊन आले.

जेवणं झाल्यावर अक्षरांनी थोडी वामकुक्षी केली. मग मी सगळ्यांना गच्चीवर नेलं. कविता एकेक ओळ करून घ्यायची होती, आणि एका ओळीत जे अक्षर पुन्हा येतं त्याला फोटो झाल्याबरोबर धावत पुढच्या जागी जावं लागतं. ‘न’ आणि ‘त’ यांची त्यात फार दमछाक होते. एरवी ते वाऱ्यासारखे पळायचे. आज हाशहुश करत, मधे टाकीला टेकत जात होते. पण उभे राहिले की असे ठाम उभे राहायचे, की वारा सुटला तरी एक रेघ हलली नाही. ऊन कलायला लागलं होतं आणि दोन ओळी बाकी होत्या, तेव्हा जिन्यात हळबे दिसले. कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा.

त्यांनी ‘त’कडं पाहिलं. पुडा खाली ठेवला. खिशातून मापपट्टी काढली, ‘त’ची बारीक रेघ मोजली, चष्मा पुसला आणि परत मोजली.

“ही काय सूज आहे?”

“पुरणपोळी,” मी म्हणाले.

“आग्रह झाला?”

“झाला.”

हळबे ओळीतून एकेक अक्षर मोजत गेले. ‘ङ’पाशी त्यांची मापपट्टी कमी पडली. “ताबडतोब लंघन,” ते म्हणाले. “उद्या सकाळच्या गाडीनं परत. काम बंद. श्रीमती चौगुले, मी आयुष्य तन्वीत घालवलंय. जबाबदारीनं सांगतो, ही तन्वी नाही.”

ऊन टाकीवरून खाली उतरत होतं. मला घाई होती, आणि घाईत माझं डोकं बरं चालतं.

“नक्की नाही?”

“अजिबात नाही.”

“मग ही कोण?”

हळबे पुन्हा ‘त’कडं बघायला लागले.

“ही तन्वी नसेल तर तुमचा करार हिला लागू नाही,” मी म्हणाले. “वारा लागू नाही, टाकी लागू नाही, आग्रह लागू नाही. तुमचा ह्या मंडळींशी संबंधच काय? ही आमच्या पंगतीला जेवलेली माणसं आहेत.”

हळबे टाकीच्या कठड्यावर बसले. माणूस हट्टी होता पण अप्रामाणिक नव्हता. त्यांनी सगळा करार ओठातल्या ओठात पहिल्यापासून म्हटला, शेवटपर्यंत आले आणि मान वर केली.

“तत्त्वतः बरोबर आहे.”

“मग जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतीये.”

ते बाजूला झाले. “पण मग माझी तन्वी कुठे आहे? पुण्यात काय सांगू मी?”

“सांगा, प्रवासात विरली,” भरत कॅमेऱ्यामागून म्हणाले. “एवढी बारीक होती, कुणालाही पटेल.”

शेवटची ओळ झाली आणि खालून आक्कांची हाक आली. आम्ही जैन, चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकावी लागतात. हळब्यांना त्यांनी हाताला धरून पानावर बसवलं. हळब्यांची गोष्ट वेगळी होती, त्यांना ‘पुरे’ म्हणता येत होतं. ते पहिल्या पोळीला म्हणाले, दुसरीला म्हणाले, तिसरीला दोन्ही हात आडवे धरून म्हणाले. चौथीला काहीच म्हणाले नाहीत. हात धुवून उठले तेव्हा मला ते पहिल्यांदा बाजूनंही दिसले.

गुरुवारी सकाळी भरतनी कवितेच्या पानाचा नमुना आणला. मी तो आक्कांना दिला आणि त्या अंगणात उन्हात जाऊन बसल्या. अक्षरं पायरीवर दाटीवाटीनं बसली. हळबे तुळशीपाशी उभे होते. मी उभीही नव्हते आणि बसलेही नव्हते.

आक्कांनी कागद नाकापासून वितीवर धरला. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

“मा... झी,” त्या म्हणाल्या. “माझी. ता... नी. माझी तानी.”

मग त्यांनी बोट उचललं नाही. हळूहळू, पाट्या वाचायच्या तसं, सगळं वाचलं.

“माझी तानी गं काळीभोर, तिच्या पाठीवर ऊन,
मला वळखती ती माझ्या बांगडीच्या आवाजावरून.
दूध देताना बघती मागं वळून वळून,
जणू इचारती, बाई, तू आलीस का जेवून?”

शेवटच्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. ‘व’ आणि ‘न’ मान खाली घालून बसले होते. आक्कांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी बोट न ठेवता. मग पदरानं डोळे पुसले. मी तर कधीचीच रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

“माझं मीच वाचलं गं,” त्या म्हणाल्या. “कुणी मधी नव्हतं.”

मग त्यांनी पायरीवरच्या मंडळींकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ह्यात त्यो न्हाई,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“त्यो.” त्यांनी बोटानं ‘ङ’ दाखवला. तो पायरीच्या टोकाला, कोपऱ्यात होता. “सगळ्यांत जास्ती जेवला आणि त्याला कुठंच घेतला न्हाई. आसं कसं?”

“आक्का, त्याला मराठीत काम नसतं.”

हळबे खाकरले. “तसं अगदीच नाही. ‘बांगडी’तल्या टिंबाचा उच्चार पाहिलात, तर त्यात तत्त्वतः तोच असतो.”

“टिंबात?” आक्का म्हणाल्या. “पाव्हणं, एवढा जेवलेला माणूस टिंबात मावंल का?”

हळब्यांनी ‘ङ’कडं पाहिलं. “नाही,” ते म्हणाले.

आक्कांनी जरा विचार केला. मग मान मागं टाकली, डोळे मिटले आणि घशातून असा काही आवाज काढला की शेजारची पोरं धावत बाहेर आली.

“ङँ!”

“हे काय?” मी दचकून विचारलं.

“तानीचं रेडकू. रोज सकाळी असंच वरडायचं. चौथ्या ओळीखाली घाल. त्ये एकलंच.”

छपाई दुपारी सुरू व्हायची होती. भरत कॅमेरा घेऊन पळतच गच्चीवर गेले. आम्ही सगळे मागोमाग गेलो. अक्षरं जिना चढताना धापा टाकत होती, पण एकही खाली राहिलं नाही. टाकीच्या अलीकडे मोकळ्या जागेत ‘ङ’ एकटा उभा राहिला. अख्खी ओळ त्याची होती. वर शिरोरेघ, त्यावर चंद्रबिंदू चढवला, पोटाशी आपलं टिंब. त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. तो सवयीनं कोपऱ्याकडं सरकायला लागला.

हळबे स्वतः पुढं झाले आणि त्यांनी त्याची शिरोरेघ सरळ केली. “हनुवटी वर,” ते हळू आवाजात म्हणाले. मग मापपट्टी काढली, तिच्याकडं बघितलं आणि ती परत खिशात ठेवली.

मुखपृष्ठ मात्र मी बदललं नाही. ते तन्वीचंच आहे. एवढं तरी मला राहू द्या.

“तयार?” भरतनी विचारलं.

‘ङ’ ताठ झाला. पुण्यात सगळ्यांना शिकवतात तसा त्यानं श्वास ओढला आणि पोट आत घेतलं.

“आरं, पोट सोड!” आक्का जिन्यातून ओरडल्या. “मला दिसायला नको का तू?”

त्यानं पोट सोडलं, आणि भरतनी फोटो घेतला.